वेब डिझाइनचा कोर्स आणि आमचा बिबड्यांचा प्रोजेक्ट : सात महिने साइट चालवल्यावर

कोर्स संपला नोव्हेंबरात. तेव्हाच लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, कारण ग्रेड चांगली आली होती आणि साइट सरांच्या लॅपटॉपवर देखणी दिसत होती. आता जून लागलाय. मधल्या काळात तीच साइट माझ्या काकूच्या बचत गटाने बिबडे (ज्वारीचे पापड) विकायला वापरली, वाळवणाचा अख्खा सीझन तिच्यावर काढला. ते सगळं बघून आज साडेतीन स्टार देते. कोर्स घ्यावा की नाही? घ्यावा, पण त्यातल्या टीम प्रोजेक्टसाठी घ्यावा. आणि प्रोजेक्ट अशा माणसासाठी करावा जो सबमिशननंतरही फोन करून विचारेल, की हे का चालत नाहीये.

मी बी.सी.ए.ची, दुसरं वर्ष नुकतंच संपलं. घर अमळनेर तालुक्यात, शिकायला बाहेर. वेब डिझाइन हा तिसऱ्या सेमिस्टरचा विषय होता : एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (रंगरूप आणि मांडणी), जावास्क्रिप्ट (पानातली हालचाल), शेवटी थोडं पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). सोबत चार जणांचा प्रोजेक्ट. आमच्या टीममध्ये एक जण चाळीसगावचा, एक मैत्रीण शिरपूरची, एक चोपड्याचा आणि मी. चौघांची बोली थोडी थोडी वेगळी, पण घरचं जेवण एकच, त्यामुळे विषय ठरायला वेळ लागला नाही. बाकीच्या टीम्सनी हॉटेल बुकिंग आणि लायब्ररी मॅनेजमेंट घेतलं. आम्ही काकूच्या गटाचे बिबडे, नागलीचे पापड आणि गव्हाच्या कुरडया घेतल्या.

आधी अभ्यासक्रमाबद्दल सांगते, कारण अर्धा स्टार तिथे कापलाय. नोट्समध्ये फॉन्ट टॅग (अक्षरांचा रंग-आकार ठरवायची जुनी खूण) होता, मार्की (सरकती अक्षरं) होती, टेबल टाकून पानाची मांडणी करणं होतं. फॉन्ट टॅग वापरू नका असं १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच सांगून झालंय. मांडणीसाठी सीएसएस ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, ते नोट्समध्ये नावालाही नव्हतं. प्रॅक्टिकलचं जर्नल हाताने लिहायचं, म्हणजे चाळीस ओळींचा कोड पेनाने उतरवून काढायचा आणि खाली आउटपुटचं चित्र काढायचं. हाताने लिहिल्याने कोड डोक्यात बसतो असं म्हणणारे आहेत. माझा अनुभव तसा नाही. जर्नल पूर्ण करण्यात जेवढ्या रात्री गेल्या तेवढ्यात मी ग्रिड शिकले असते.

पण सरांनी एक गोष्ट अशी दाखवली की तिच्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जगातलं पहिलं वेबपान उघडलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेलं ते १९९१ चं पान आजही बघता येतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळ्या लिंका, बाकी काही नाही. मग सरांनी खिडकीची कड माउसने धरली आणि आत ढकलत ढकलत ती मोबाइलएवढी अरुंद केली. मजकूर आपोआप खाली खाली उतरत गेला, एक अक्षर बाहेर गेलं नाही. सर म्हणाले, "बघा, पान मुळात प्रत्येक पडद्यात मावतं. ते आपण बिघडवतो." त्या दिवशी आम्ही वहीत लिहून घेतलं. समजलं मात्र मार्चमध्ये, जेव्हा आमचं स्वतःचं पान काकूच्या फोनवर आडवं सरकवत वाचावं लागलं. मी मधल्या चौकटीला बाराशे पिक्सेलची रुंदी ठोकून दिली होती. लॅबच्या मॉनिटरवर ती अगदी बरोबर बसत होती.

आता टीमचं. आम्ही काम पानांप्रमाणे वाटलं : एकाने मुखपृष्ठ, एकीने वस्तूंचं पान, एकाने संपर्क, मी ऑर्डरचा फॉर्म. ही वाटणी चुकली. चार पानांना चार वेगळी बटणं आली, चार वेगळे केशरी रंग आले, आणि प्रत्येकाची सीएसएस फाइल दुसऱ्याच्या पानाची वाट लावायला लागली. नंतर आम्ही वाटणी बदलली. रंग-अक्षरं-बटणं एकाकडे, मजकूर आणि फोटो दुसऱ्याकडे, जावास्क्रिप्ट तिसरीकडे आणि रोज संध्याकाळी सगळं एकत्र करून बघणं माझ्याकडे. तेव्हापासून साइट एका हाताची दिसायला लागली. नवीन टीमला मी एवढंच सांगेन की पानं वाटून घेऊ नका, कामं वाटून घ्या.

फायली आम्ही व्हॉट्सअॅपवर झिप करून पाठवत होतो. दिवाळीच्या आधी शिरपूरच्या मैत्रिणीने दोन दिवस बसून वस्तूंचं पान नीट केलं, आणि माझ्याकडून जुनी झिप तिच्यावर चढली. तिचं काम गेलं. ती काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी लॅबला आली नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. त्या आठवड्यात मी गिट (फायलींमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकायला घेतलं. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, म्हणजे आम्ही चौघं शाळेतही गेलो नव्हतो तेव्हापासून हे दुखणं आणि त्याचं औषध दोन्ही आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात त्याला एक तासिका नाही. टीम प्रोजेक्ट द्यायचा आणि टीमने फायली कशा सांभाळायच्या ते सांगायचं नाही, याचा आणखी अर्धा स्टार.

चोपड्याच्या मित्राबद्दलही लिहायला हवं, कारण त्याच्यावर आम्ही अन्याय केला. ऑक्टोबरच्या शेवटी तो गावी गेला आणि दहा-बारा दिवस ग्रुपवर जवळजवळ गप्प होता. आम्ही तिघांनी ठरवून टाकलं की हा अंग काढून घेतोय. सरांकडे तक्रार करायचीही तयारी केली होती. तो आला तेव्हा बोटांची टोकं खरचटलेली होती. घरी कापूस वेचायला मजूर मिळत नव्हते, म्हणून तो, आई आणि बहीण दिवसभर वावरात होते. आणि रात्री त्याने आमच्या सगळ्या वस्तूंचा मजकूर मोबाइलवर टाइप करून ठेवला होता, कारण लॅपटॉप इकडेच होता. बिबड्यांवरचा परिच्छेद त्यानेच आजीला विचारून लिहिला : ज्वारी भिजवून आंबवायची, भरडायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ-लसूण-मिरची, आणि गरम आहे तोवर पाण्याचा हात लावत ओल्या कापडावर थापायचा. गिऱ्हाइकं आजही फोनवर त्या परिच्छेदाचं कौतुक करतात. खान्देशात दिवाळीच्या आसपास प्रोजेक्टची तारीख ठेवली की शेतकऱ्याच्या पोराचं असंच होणार. वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा कपाशीकडे बघून घ्यावं.

मराठी अक्षरांचा प्रकार मात्र जरा सविस्तर सांगते, कारण यावर मला कुठेच एका जागी काही सापडलं नव्हतं आणि अख्ख्या कोर्समध्ये देवनागरीवर एक शब्द नव्हता.

चाळीसगावचा मित्र डिझाइन करण्यात हुशार. त्याने फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढला, तो इंग्रजी नमुना-मजकूर टाकून. मोठं, विरळ अक्षरांचं शीर्षक, खाली बारीक ओळ. खूपच सुंदर. मग तिथे 'खान्देशी बिबडे' टाकलं आणि शिरोरेघ तुटली. प्रत्येक अक्षर आपापली तुटकी रेघ डोक्यावर घेऊन वेगळं उभं. कारण सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं होतं. इंग्रजीत त्याने रुबाब येतो, आपल्याकडे शब्दाचे तुकडे होतात. ते अंतर शून्य केलं की रेघ परत जुळते. दुसरं, दोन ओळींमधलं अंतर. इंग्रजीला जे पुरतं त्यात आपल्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. आम्ही अक्षराच्या पावणेदोन पट ठेवलं तेव्हा वाचायला सुटसुटीत झालं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलं, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो फॉन्ट 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतो. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आम्ही नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट घेऊन ही एक ओळ बदलून बघितली. 'लसूण' मधला ल आमच्या डोळ्यांदेखत बदलला. चौघं एकाच स्क्रीनवर वाकून बघत होतो. शाळेत बाईंनी पाटीवर गिरवून घेतला होता, तोच हा ल.

डेटाबेसनेही एक दिवस खाल्ला. फॉर्ममध्ये नाव मराठीत भरलं की टेबलात प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. देवनागरीचं एक अक्षर-चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, आणि आमचं टेबल जुन्या लॅटिन अक्षरसंचावर बनलं होतं, त्यात ते मावणारच नाही. संच बदलला, जोडणी करतानाही तोच सांगितला, आणि काकूचं नाव नीट उमटलं.

तोंडी परीक्षेत यातलं काही विचारलं गेलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चार व्याख्या विचारल्या, पान एकदा लॅपटॉपवर वर-खाली केलं, आणि चौघांना सारखे गुण मिळाले. गुण चांगले होते, तक्रार त्याची नाही. पण चार महिन्यांचं काम कोणी एकदाही मोबाइलवर उघडून बघितलं नाही याची रुखरुख आहे. उरलेला अर्धा स्टार तिथे गेला.

आता खरा वापर.

सबमिशननंतर पहिला प्रश्न आला की साइट ठेवायची कुठे. फुकटात गिटहब पेजेस मिळत होतं, पण तिथे पीएचपी चालत नाही, फक्त तयार पानं ठेवता येतात. म्हणजे आमचा लॉगिन, डेटाबेस, अॅडमिन पॅनेल, ज्यावर सगळ्यात जास्त गुण मिळाले, ते सगळं उतरवून ठेवावं लागलं. त्याचं दुःख दोन दिवस टिकलं. काकूला पॅनेल नकोच होतं. तिला ऑर्डर व्हॉट्सअॅपवर हवी होती, कारण ती तिथेच असते. मग ऑर्डरच्या बटणावर व्हॉट्सअॅपची लिंक दिली. गिऱ्हाइकाने वस्तू आणि किलो निवडले की तयार मेसेज उघडतो, फक्त पाठवायचं. भाव एका गुगल शीटमध्ये ठेवले आणि पान तिथून वाचतं.

मार्चमध्ये मी गावी गेले. वाळवण सुरू झालं होतं. धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, खाटा टाकलेल्या, त्यावर जुन्या साड्या, साड्यांवर ओळीने बिबडे. सकाळी साडेनऊचं ऊन, पण आमच्याकडचं ऊन. काकूचे हात कोपरापर्यंत घाट्याने भरलेले. तिने मनगटाने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, तुझं ते दुकान दाखव जरा. मी तिच्याच फोनवर साइट उघडून समोर धरली. तिने डोळे बारीक केले.

"हाई काय शे? माले काहीच दिखस नही."

मला वाटलं चष्मा नाही म्हणून. मग मी फोन स्वतःकडे वळवला आणि मलाही काही दिसेना. आम्ही पांढऱ्यावर फिकट हळदी रंगाची अक्षरं ठेवली होती, बिबड्याच्या रंगाशी जुळावी म्हणून. लॅबच्या ट्यूबलाइटखाली ती छान दिसायची. उन्हात ती उरलीच नव्हती. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक इतका कॉन्ट्रास्ट असावा हे वेबच्या सुलभतेच्या नियमांत लिहिलेलं आहे, आणि ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये (पानाचा कोड उघडून दाखवणाऱ्या सोयीत) तो आकडा आयता दिसतो. आम्ही तो कधी बघितलाच नव्हता.

मी फोनला ओढणीची सावली केली. तिने कोरड्या करंगळीने पान वर सरकवलं. फोटो एकेक करून खालून वर येत होते, अर्धे राखाडीच. मी मोबाइलवर काढलेले फोटो तसेच चढवले होते, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. मग तिने बिबड्यांच्या फोटोवर करंगळी ठेवली, उचलली, परत ठेवली.

"भाव कोठे शे?"

भाव फोटोवर माउस नेला की वर सरकून येत होता. जावास्क्रिप्टचं हे काम बघून वर्गात टाळ्या पडल्या होत्या. फोनला माउस नसतो. तीन महिने साइट चालू होती आणि मोबाइलवर बघणाऱ्या एकाही माणसाला भाव दिसला नव्हता. काकू रागावली नाही. ती म्हणाली, म्हणूनच सगळे आधी फोन करून भाव विचारतात, मला वाटलं रीतच असेल तशी.

त्या रात्री चौघं फोनवर जोडले गेलो. मी गावातून, बाकीचे आपापल्या घरून. अक्षरं गडद केली, भाव फोटोखाली ठळक लिहिला, रुंदी मोकळी सोडली. चोपड्याच्या मित्राने सगळे फोटो हजार पिक्सेल रुंदीला आणून शंभर केबीच्या आसपास बसवले. परीक्षा संपून चार महिने झाले होते, गुण कोणाला मिळणार नव्हते, आणि एकही जण 'उद्या बघू' म्हणाला नाही. पहाटे दीड वाजता शिरपूरच्या मैत्रिणीने स्वतःहून विचारलं की आता आणखी काय राहिलं. दिवाळीपासून ती माझ्याशी मोजकंच बोलत होती.

फॉर्मचा घोटाळा एप्रिलमध्ये कळला. घरी पोचवण्यासाठी पत्ता आणि मोबाइल नंबर घ्यायचा फॉर्म ठेवला होता. धुळ्याच्या एका आजींनी फोन करून सांगितलं की नंबर बरोबर टाकते तरी 'चुकीचा नंबर' म्हणतो. मी तीन वेळा माझ्या फोनवरून भरून बघितलं, व्यवस्थित जात होता. शेवटी त्यांच्या नातवाने स्क्रीनशॉट पाठवला. नंबर देवनागरी आकड्यांत होता. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यांनी मराठी आकडे टाकले, आणि जावास्क्रिप्टमध्ये 'अंक' तपासायची जी खूण आम्हाला शिकवली तिला फक्त इंग्रजी आकडेच अंक वाटतात. मराठी साइटने मराठी आकड्यांना चूक म्हणावं! मला हे खरंच लागलं. दुरुस्ती सहा ओळींची निघाली. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी आकडे सलग ओळीने आहेत, त्यामुळे प्रत्येकाचं इंग्रजी रूप साध्या वजाबाकीने मिळतं. शिवाय रकान्याचा प्रकार टेलिफोन असा दिला की बहुतेक फोनांवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो. आजींनी परत ऑर्डर दिली, दोन किलो कुरडया.

सीझनमध्ये एकूण ऑर्डरी किती आल्या ते मी मोजलं नाही, गटाच्या वहीत असेल. मला जाणवलं ते असं की फोनवर भाव विचारणं जवळजवळ थांबलं आणि पुण्या-नाशकाला गेलेली आमच्याकडची माणसं ऑर्डर करायला लागली. एका ताईंनी मेसेजमध्ये फक्त एवढंच लिहिलं होतं की वर्णन वाचून आईची आठवण आली, तीन किलो पाठवा.

कोर्समधलं काय कामी आलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर एचटीएमएलचा पाया पक्का झाला, तो खरोखर कामी आला. इन्स्पेक्ट उघडून चूक शोधायची सवय सरांमुळे लागली. पीएचपी एकदाही लागलं नाही, पण पुढे लागेल, आणि डेटाबेसचा तो प्रश्नचिन्हांचा दिवस फुकट गेला असं मला वाटत नाही. मोबाइल, फोटोंचं वजन, रंगांचा कॉन्ट्रास्ट, मराठी अक्षरं, गिट, हे सगळं कोर्सच्या बाहेर शिकावं लागलं. जो यंदा हा विषय घेतोय त्याने पहिल्या महिन्यातच आपलं पान घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, भर उन्हात, गच्चीवर उघडून बघावं. आम्ही हे मार्चपर्यंत केलं नाही.

भावांची शीट आता माझी चुलत वहिनी सांभाळते. तिने कॉम्प्युटरचा कोणताही कोर्स केलेला नाही. मे महिन्यात मी तिला फोनवर एकदा रकाने समजावले, दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मागच्या आठवड्यात पहिला पाऊस पडला आणि खाटा खाली उतरल्या. रात्री मी सहज साइट उघडली तर बिबड्यांच्या भावाच्या जागी तिने लिहिलं होतं : संपले, आता पुढच्या उन्हाळ्यात.